ज्वारीवरच्या थव्यातला काळा-तांबूस भारीट: संकर केव्हा म्हणावा

मांजरा धरणाच्या पाणफुगवट्याजवळच्या, केज तालुक्यातील एका शेतातून हा प्रश्न आला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मालदांडी ज्वारी हुरड्याच्या पुढे जाऊन टणक होत असताना, प्रश्नकर्त्याने कणसांवर उतरलेला भारिटांचा, म्हणजे दाणे टिपणाऱ्या लहान हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचा, मोठा थवा पाहिला. त्यात एका नराचा माथा आणि गाल काळे होते, पण गळा आणि छातीचा वरचा भाग विटकरी-तांबूस होता. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेले एक छायाचित्र त्यांनी सोबत दिले आहे. त्यांच्या मुख्य शंका तीन आहेत. हा काळ्या डोक्याचा भारीट आणि लाल डोक्याचा भारीट यांचा संकर आहे काय? विणीच्या हंगामात जोडी पाहिल्याशिवाय संकर सिद्ध होत नाही असे त्यांनी ऐकले आहे, तर अशी जोडी आपल्याकडे केव्हा आणि कोठे पाहता येईल? आणि तोपर्यंत नोंदवहीत काय लिहावे?

मी प्राणिशास्त्र शिकवत आलो आणि अंबाजोगाई, परळी व धारूरच्या शिवारांत हिवाळी भारिटांचे थवे मोजत गेली चोवीस वर्षे बांधांवर उभा राहिलो आहे, म्हणून या प्रश्नाविषयी मला आपुलकी आहे. छायाचित्र मी पुन्हापुन्हा मोठे करून पाहिले. पक्षी समोरून दिसतो, ऊन तिरपे आहे, पाठ अजिबात दिसत नाही. एवढ्यावर ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याचे वय काय, त्याची पिसे किती झिजली आहेत आणि पाठीचा रंग कोणता, या तीन गोष्टींवर उत्तर फिरते. मात्र निर्णयाकडे कसे जायचे हे सांगता येते, आणि तुमच्या पक्ष्याबाबत माझा कल कोणीकडे आहे तेही शेवटी सांगतो.

मूळ अडचण माझ्या मते निराळी आहे. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत: पक्षी वेगळा दिसतो काय, आणि तो वेगळा का दिसतो. पहिल्याचे उत्तर डोळे देतात. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी इतर सर्व कारणे एकेक करून बाजूला सारावी लागतात आणि संकर हे कारण सर्वांत शेवटी उरावे लागते. नवखा निरीक्षक नेमका उलट्या बाजूने निघतो. त्याच्या मनात संकर आधी येतो आणि मग पुराव्याची जुळवाजुळव सुरू होते. मीही तसाच निघालो होतो, ते पुढे येईलच.

तुमची शंका मुळात निराधार नाही, हे आधी स्पष्ट करतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या गायक पक्ष्यांमध्ये ज्यांचा संकर खरोखर होतो आणि चांगला माहीत आहे, अशा जोड्यांत या दोन भारिटांचा क्रम वरचा आहे. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराण या पट्ट्यात घरटी करतो. लाल डोक्याचा भारीट त्याच्या पूर्वेला, म्हणजे कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तान आणि ईशान्य इराण या भागांत वीण करतो. दोघांच्या हद्दी कास्पियन समुद्राच्या आग्नेयेस, उत्तर इराणात एकमेकींना भिडतात. तेथे मिश्र जोड्या होतात आणि त्या भागातील नरांच्या डोक्यावर काळ्या व तांबूस रंगाची निरनिराळी मिश्रणे आढळतात. जर्मन पक्षीशास्त्रज्ञ युर्गेन हाफर यांनी उत्तर इराणातील पक्ष्यांच्या अशा संपर्कपट्ट्यांविषयीचा आपला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला होता. युरोपातले बहुतेक स्थलांतरी गायक पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे वळतात, पण काळ्या डोक्याचा भारीट बाल्कन प्रदेशातूनसुद्धा पूर्वेकडे, आपल्या देशात येतो. लाल डोक्याचाही येथेच येतो. दोन्ही आईबाप-जाती ज्या ज्वारीवर उतरतात, त्याच ज्वारीवर त्यांची संकरज संततीही उतरणार, हे ओघानेच आले.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. या दोघांची वीण मराठवाड्यात होत नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या झळा लागत असतात तेव्हा हे पक्षी सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर, आपापल्या मुलखात घरटी बांधत असतात. लग्न तिकडे लागते, आपल्या वाट्याला फक्त लेकरू येते. म्हणून जोडी पाहून संकर सिद्ध करण्याचा मार्ग भारिटांपुरता आपल्यासाठी बंद आहे. आपल्या हाती उरतो तो पिसारा, आणि तोही ऋतूगणिक पालटणारा.

संकर म्हटले की दोन रंगांची बरोबर अर्धी-अर्धी वाटणी होते, अशी समजूत मला वारंवार भेटते. आपल्या शेतकऱ्याला याचे खरे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले ठाऊक आहे, कारण मराठवाड्यात ‘हायब्रीड’ या शब्दाचा पहिला अर्थच ज्वारी असा होतो. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातले पहिले व्यापारी संकरित ज्वारीचे वाण आले, आणि तेव्हापासून घरोघरी कळून चुकले की विकत आणलेले संकरित बी पेरले तर सगळी ताटे एका उंचीची, एका वळणाची येतात. पण त्याच पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर एक ताट उंच, एक ठेंगणे, एक कणीस भरगच्च आणि एक विरळ, असा सगळा गोंधळ होतो. पक्ष्यांतही हेच घडते. दोन शुद्ध जातींची पहिली पिढी बऱ्यापैकी मधली दिसू शकते. ती पिढी पुन्हा एखाद्या मूळ जातीशी जोडी जमवते तेव्हा पुढची संतती कोठल्याही छटेची निघते. एखाद्याच्या काळ्या डोक्यात चार तांबूस पिसे असतात, तर एखाद्याचे डोके पूर्ण तांबूस असून पाठ मात्र दुसऱ्याची असते. यावरून दोन गोष्टी निघतात. अगदी शुद्ध दिसणाऱ्या नराच्या अंगात परक्या जातीचा वारसा असू शकतो आणि तो डोळ्यांना कधीच दिसणार नाही. उलट बाजूने, नुसती मधली छटा दिसली म्हणून पक्षी संकरज ठरत नाही, कारण तशी छटा निर्माण करणारी साधी कारणे पुष्कळ आहेत.

त्या साध्या कारणांपैकी पहिले आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे ऋतू. काळ्या डोक्याच्या नराचे डोके हिवाळ्याच्या सुरुवातीला काळेभोर दिसतच नाही. ताज्या पिसांच्या टोकांना फिकट तपकिरी कडा असतात आणि खालचा काळा रंग त्यांच्याआड दडलेला असतो. हिवाळा सरतो तशा त्या कडा झिजतात आणि काळेपणा उघडा पडत जातो. ही झीज सगळीकडे सारखी होत नाही; माथ्यावर आधी, गळ्यावर नंतर, असेही होते. परिणामी जानेवारी-फेब्रुवारीत काळे आणि तपकिरी असे ठिगळांचे डोके घेऊन फिरणारे नर थव्यात भरपूर असतात, आणि पहिल्याच हिवाळ्यातले कोवळे नर तर आणखी गोंधळात टाकतात. लाल डोक्याच्या नरालाही अशाच फिकट कडा असतात. शिवाय त्याच्या तांबूस रंगाची गडदता पक्ष्यागणिक बदलते आणि काहींचा माथा सोनेरीकडे झुकतो.

माझी फजिती याच ठिकाणी झाली. निरीक्षणाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी डिसेंबरात धारूरच्या बाजूला एका बांधावर मला तपकिरी गळ्याचा, काळ्या गालांचा नर दिसला. एका पायाचे बोट तुटलेले असल्यामुळे तो नेमका ओळखता येत होता. मी एका मेळाव्यात उभा राहून ‘संकरज भारीट’ म्हणून त्याचे वर्णन केले आणि लोकांनी कौतुकही केले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तोच पक्षी, तेच तुटके बोट, त्याच शिवारात पुन्हा दिसला, तेव्हा त्याचे डोके डांबरासारखे काळे झाले होते आणि गळा पिवळाधमक होता. संकर केवळ माझ्या उतावळेपणाचा आणि त्याच्या झिजायच्या राहिलेल्या पिसांचा होता. तेव्हापासून डिसेंबरात दिसलेल्या कोणत्याही भारिटाला मी संकरज म्हणत नाही, आणि फेब्रुवारीतही फार हात आखडूनच म्हणतो.

दुसरे कारण शरीराच्या ठेवणीचे आहे. काळ्या डोक्याच्या नराची पाठ तांबूस असते आणि तो तांबूस रंग खांद्यावरून छातीच्या दोन्ही कडांवर उतरतो. पक्षी किंचित तिरका बसला, मान आखडून घेतली, किंवा थंडीने पिसे फुगवली, की त्या कडा समोरून पाहणाऱ्याला छातीवरच्या पट्ट्यासारख्या भासतात. तुमच्या छायाचित्रात नेमकी हीच शक्यता मला सर्वाधिक सतावते. तिसरे कारण प्रकाश: सायंकाळी साडेपाचचे ऊन पिवळ्यालाही तांबूस करते आणि मोबाइल त्यात आपल्या पदरचे रंग मिसळतो. चौथे कारण मळ. काणी पडलेल्या कणसांवरची काळी भुकटी चोचीभोवती लागू शकते, काळ्या रानातली धूळ-चिखल पोटावर बसतो, आणि पळस-काटेसावरीचा बहर असेल तर फुलांत तोंड खुपसणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळावर परागांचा थर येतो. भारीट फुलांच्या मागे लागत नाहीत, पण पिवळ्या कपाळाचा बुलबुल किंवा भलत्याच रंगाच्या डोक्याची भोरडी पाहून संकर सुचवणारी पत्रे मला दर फाल्गुनात येतात, म्हणून हे येथे नोंदवले. पाचवे कारण रंगद्रव्याचे दोष, म्हणजे अंगावर कोठेही पांढरी पिसे येणे. हा दोष एकट्या पक्ष्याचा असतो, आईबाप वेगळ्या जातींचे असल्याची ती खूण नव्हे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डोके सोडा, पाठ पाहा. काळ्या डोक्याच्या नराची पाठ तांबूस-बदामी असते, तिच्यावर ठळक रेघा नसतात आणि शेपटीच्या मुळाशी असलेला कमरेचा भागही तांबूसच असतो. लाल डोक्याच्या नराची पाठ हिरवट असते, तिच्यावर गडद रेघा असतात आणि कंबर पिवळसर असते. शेपटीच्या कडांना पांढरा रंग दोघांतही नसतो, त्यामुळे तो दिसला तर तुम्ही तिसऱ्याच भारिटाकडे पाहत आहात. संकरजाची माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाची खूण म्हणजे डोके आणि पाठ यांचे न जुळणे: डोक्यावर काळेपणा आहे पण पाठ हिरवट व रेघांची आहे, किंवा डोके तांबूस आहे पण पाठ बदामी आणि कंबर तांबूस आहे. डोक्यावरच दोन रंग मिसळलेले असतील, तर ते मिश्रण झीज पूर्ण झाल्यानंतरही, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात, ठळक व कायम राहिलेले दिसले पाहिजे. या दोन्ही गोष्टी जुळल्या की मी संकर हा शब्द पेन्सिलीने लिहितो.

पाठ पाहण्यासाठी थव्याच्या मागे धावून उपयोग नसतो, थवा कणसांत बुडालेला असताना पाठ दिसतच नाही. भारीट दाणे टिपून मधूनमधून बाभळीवर, बोरीवर किंवा विजेच्या तारेवर येऊन बसतात. सकाळचे ऊन तुमच्या पाठीशी येईल अशा जागी, झाडापासून चाळीस-पन्नास पावलांवर, बांधाच्या आडोशाला बसून राहा. थवा तासाभरात तीन-चार वेळा तरी तेथे परततो आणि प्रत्येक वेळी काही पक्षी तुमच्याकडे पाठ करून बसतात. संध्याकाळी रातथाऱ्याकडे जाण्यापूर्वी ते पुन्हा झाडांवर गोळा होतात, पण त्या प्रकाशातल्या रंगांवर विश्वास ठेवू नका. ती वेळ फक्त संख्या मोजण्याची. राखणदार गोफण फिरवीत असेल तर आधी त्याला भेटा आणि काय पाहत आहात ते सांगा. ज्याच्या तोंडचा घास हे पक्षी पळवतात त्याच्या शेतात उभे राहून त्यांचे कौतुक करायचे असेल, तर एवढी मर्यादा पाळलीच पाहिजे. उभ्या पिकात शिरू नका. माझा अनुभव असा की एकदा ओळख झाली की राखणदारच ‘सर, आज तांबड्या डोक्याचे जास्त उतरले’ असे फोन करून सांगतो.

स्थलांतराचे वेळापत्रक मनाशी असले की या खुणा कधी वाचायच्या ते ठरवता येते. माझ्या भागात पहिले थवे ऑक्टोबरात, दिवाळीच्या आगेमागे दिसू लागतात. या काळात जातही खात्रीने सांगता येत नाही असे पक्षी बहुसंख्य असतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हा फक्त मोजण्याचा काळ समजा. ज्वारी पोटरीतून निसवून दाणा भरू लागली की थवे मोठे होतात आणि दोन्ही जाती, त्यांच्यासोबत चिमण्या आणि सुगरणी, एकत्र चरतात. माझ्याकडे काळ्या डोक्याचे नेहमीच अधिक असतात. ज्वारीची काढणी झाली की थवे खळ्यांच्या आसपास, गव्हाच्या रानात आणि सडात पांगतात. संकर शोधणाऱ्यासाठी खरे सोन्याचे दिवस हेच, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे: पिसांच्या कडा झिजून रंग उघडे पडलेले असतात, पीक उभे नसल्याने पक्षी मोकळ्यावर दिसतात आणि ते अजून निघून गेलेले नसतात. या काळात ते अंगावर चरबी साठवतात. दिवस मोठा होत जाण्याचा या साठवणीवर आणि निघण्याच्या ओढीवर कसा परिणाम होतो, याचे प्रयोग उत्तर भारतातील विद्यापीठांत याच दोन भारिटांवर अनेक दशके झाले आहेत. गायक पक्ष्यांच्या पुष्कळ जातींत नर विणीच्या ठिकाणी माद्यांच्या आधी पोहोचतात. त्यामुळे एप्रिलात मागे उरलेल्या थव्यात माद्याच जास्त दिसल्या तर नवल वाटून घेऊ नका आणि नरांच्या शोधात वेळ दवडू नका.

माद्यांविषयी एका वाक्यात सांगतो: संकरज मादी शेतात ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही जातींच्या माद्या आणि कोवळे पक्षी फिकट, मातकट आणि शेपटीखाली पिवळट असतात, आणि शुद्ध मादी कोणत्या जातीची हे सांगतानाच अनुभवी माणसांचे हात टेकतात.

मोजणीचा एक मुद्दा मात्र मी आग्रहाने मांडतो, कारण बहुतेक नोंदी येथेच वाया जातात. ‘थव्यात एक विचित्र नर’ या वाक्याला काही अर्थ नाही. किती नरांची पाठ आणि डोके तुम्ही नीट पाहिले, त्यांपैकी किती काळ्या डोक्याचे, किती लाल डोक्याचे आणि किती न जुळणारे, हे लिहिले तरच पुढे कोणाला काही काढता येईल. पाचशेंच्या थव्यातले तुम्ही साठ नर नीट पाहिले असतील तर छेद साठचा धरा, पाचशेचा नव्हे. आणि ज्या दिवशी एकही वेगळा पक्षी दिसला नाही त्या दिवसाचीही नोंद करा. मी पहिली काही वर्षे फक्त नवलाचे दिवस लिहीत होतो आणि आज त्या वह्या चाळताना हळहळतो.

आता विणीच्या हंगामाकडे येऊ. भारीट येथे वीण करत नसले तरी आपल्याकडचे रहिवासी गायक पक्षी मृग बरसल्यावर घरटी करतात आणि मिश्र जोडी पाहिल्याचे दावे तेव्हाही कानावर येतात. दोन वेगळ्या जातींचे पक्षी एका फांदीवर बसणे म्हणजे जोडी नव्हे. दोघांनी मिळून घरटे बांधणे, एकाच घरट्यावर आळीपाळीने बसणे, किंवा दोघांनी एकाच घरट्यातल्या पिलांना चारा भरवणे, यांपैकी काहीतरी पुन्हापुन्हा दिसले पाहिजे. आणि चारा भरवण्याच्या पुराव्यालाही आपल्या मुलखात एक मोठी अट आहे. चातक आणि पावशा सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात. श्रावणात सातभाईंच्या मागे चोच वासून फिरणारे, त्यांच्याशी काडीचेही साम्य नसलेले पिल्लू दिसले, की कोणीतरी ‘संकरज सातभाई’ असा निष्कर्ष काढतो. ते चातकाचे किंवा पावशाचे परपुष्ट पोर असते. पालक आणि पिल्लू यांत साम्य नसणे हे संकराचे नव्हे, तर फसवल्या गेलेल्या पालकांचे लक्षण आहे.

नकल्या खाटीक हे दुसरे उदाहरण. त्याच्या उत्तरेकडच्या उपजातीत पाठीचा तांबूस रंग वर खांद्यांपर्यंत चढलेला असतो, तर दक्षिणेकडच्या उपजातीत पाठ राखाडी राहते आणि तांबूस रंग खाली, कमरेकडे उरतो. दख्खनच्या पठारावर या दोहोंच्या मधले पक्षी दिसतात. हा एकाच जातीतल्या दोन उपजातींचा मिलाफ आहे. त्याला संकर म्हणून नोंदवले तर नोंद चुकीची नसली तरी वाचणाऱ्याची दिशाभूल होते. पिवळ्या धोब्याचेही तसेच. मार्च-एप्रिलात जायकवाडीच्या नाथसागराच्या ओलसर काठावर, पैठणच्या बाजूला, विणीच्या रंगात आलेले पिवळे धोबी पाहिले तर एकाचे डोके काळे, एकाचे गडद राखाडी, एकाचे फिकट राखाडी व पांढऱ्या भुवईचे असते, आणि मधूनच यांपैकी कशातही न बसणारा एखादा निघतो. त्यांच्या उपजाती जेथे भेटतात तेथे त्या मिसळतात, म्हणून असे धोबी दिसणे अपेक्षितच आहे. बुलबुलांविषयी एवढेच सांगतो, की लालबुड्या व शिपाई बुलबुलांचा संकर पिंजऱ्यात झाल्याचे माहीत आहे; म्हणून गावाजवळ चमत्कारिक बुलबुल दिसला तर तो कोणी पाळलेला असून सुटला आहे काय याची आधी चौकशी करा.

घरट्यांबाबत माझा नियम कडक आहे. घरटे सापडले की दूर जा, दुर्बिणीतून पाहा, फांद्या बाजूला सारून छायाचित्र काढू नका आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. आपण वाकवलेली फांदी कावळ्याला वाट दाखवते. मिश्र जोडी असेल तर तिचे एक घरटे वाया जाणे म्हणजे पुरावाही वाया जाणे होय.

गाण्यावरून संकर ओळखता येईल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. गायक पक्षी आपले गाणे बऱ्याच अंशी ऐकून शिकतात. शुद्ध जातीचा नर शेजाऱ्याचे गाणे उचलू शकतो आणि संकरज नर एकाच बाजूचे गाणे गाऊ शकतो. म्हणून गाणे ध्वनिमुद्रित जरूर करा, पण त्यावर निकाल देऊ नका. शेवटचा निकाल जनुकीय तपासणीच देते, आणि तीही अर्धवट केली तर फसवते: मायटोकाँड्रियातील डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे तेवढ्यावरून आई कोणत्या जातीची एवढेच कळते, बापाचा पत्ता लागत नाही. शिवाय जंगली पक्षी पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे; परवानगी असलेल्या संशोधकांशिवाय कोणीही जाळे लावू नये.

येथे एक आडवाट घेतो, कारण ती नर पाहण्याच्या सल्ल्याशी जुळते. जे. बी. एस. हाल्डेन हे शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी येथेच काढली. त्यांनी १९२२ मध्ये असे दाखवले होते, की दोन जातींच्या संकरात एखाद्या लिंगाची संतती दुर्मीळ किंवा वांझ निघाली, तर बहुधा ती असमान लिंगगुणसूत्रे असलेल्या लिंगाची असते. सस्तन प्राण्यांत ते नर असतात, पक्ष्यांत मात्र मादी. म्हणजे रंगांमुळे वाचता येणारे नरच नियमाच्या दृष्टीनेही अधिक आशादायक ठरतात. भारिटांसारख्या अगदी जवळच्या जातींत हा नियम किती कडक लागतो हा वेगळा विषय आहे, म्हणून तो येथेच सोडतो.

तर आता तुमची नोंद. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर या दोन भारिटांसाठी ‘दोहोंपैकी एक’ सांगणारा पर्याय असतो आणि संकराचा पर्याय वेगळा असतो. ‘दोहोंपैकी एक’ म्हणजे पक्षी शुद्ध असावा पण जात ठरवता आली नाही. ‘संकर’ म्हणजे जात ठरवण्याइतपत खुणा दिसल्या आणि त्या दोन्ही जातींच्या निघाल्या. लोक पहिल्याच्या जागी दुसरा निवडतात आणि मग तपासणारा त्रासतो. आज मी तुमच्या जागी असतो तर पहिला पर्याय निवडून टिपणात असे लिहिले असते: ‘प्रौढ वाटणारा नर, माथा व गाल काळे, गळा व छातीचा वरचा भाग तांबूस, पाठ व कंबर दिसली नाही, वेळ सायंकाळची, अंतर सुमारे चाळीस पावले, सोबतच्या थव्यातील इतके नर नीट पाहिले.’ शेवटच्या वाक्यातला आकडा तुम्हीच भरायचा आहे आणि आठवत नसेल तर तसेच लिहायचे आहे, अंदाजाने भरायचा नाही.

माझा कल विचाराल तर, गळ्याचा मध्यभाग खरोखर तांबूस असेल आणि तो छातीच्या कडांचा भास नसेल, तर तुमचा पक्षी संकरज असण्याची शक्यता मी बरीच मानतो, कारण काळ्या डोक्याच्या शुद्ध नराचा गळा झिजलेल्या पिसांतही विटकरी होत नाही. तो पिवळाच असतो, फार तर फिकट मळकट दिसतो. पण ‘असेल तर’ हे दोन शब्द छायाचित्राने सोडवलेले नाहीत. थवा काढणीपर्यंत बहुधा त्याच शिवारात राहील. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठच्या आत त्या बाभळीपाशी जा, ऊन पाठीशी घ्या, आणि त्याची पाठ व कंबर दाखवणारे एक छायाचित्र मिळाले तर मला पाठवा. पाठ हिरवट आणि रेघांची निघाली, तर ‘दोहोंपैकी एक’ हा पर्याय खोडून संकराचा लिहायला मी स्वतः सांगेन.